गळालेलं टिंब

प्रतिभानं भिंग डोळ्यावरून काढलं, पदराला पुसलं आणि पुन्हा लावलं. टिंब नव्हतं ते नव्हतंच.

डिसेंबरातला बुधवार होता. आदिलाबादची थंडी अशी की साडेनऊ वाजून गेले तरी डब्यातली शाई सुरीनं कापावी लागत होती, आणि तरी प्रतिभाच्या तळहातांना घाम सुटला. समोर काल छापलेल्या कार्डांची थप्पी होती. लस टोचल्यावर बाळाला ताप आला तर तापाचं पातळ औषध किती पाजायचं, एवढीच माहिती. एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला मराठी. सहा किलोपर्यंतच्या बाळाला २.५ मिली. तिच्या हातातल्या कार्डाच्या मराठी बाजूवर मात्र स्वच्छ, ठळक, कुणालाही शंका येऊ नये असं २५ मिली होतं.

औषधाच्या बाटलीचं टोपण पाच मिलीचं असतं. अर्धं टोपण पाजायचं तिथं पाच टोपणं.

तिनं आधी स्वतःलाच धरलं. मुधोळहून या घरात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, आणि छापखान्यात काहीही चुकलं की पहिल्यांदा तिचं टेबल तपासायचं ही रीत तिला पाठ होती. कॉम्प्युटरवर टिंब होतं. प्लेटवर टिंब होतं. काल दुपारी तिनं सही करून खिळ्याला अडकवलेल्या पहिल्या शीटवरही होतं. मग तिनं थप्पी खालून वर चाळायला घेतली. तळाच्या कागदांवर टिंब काळंभोर, मधल्यांवर राखाडी, वरच्यांवर नाहीच. दोन-तीन अनुस्वारही गळाले होते, पण अनुस्वार गेल्यानं कुणाचं लेकरू मरत नाही.

थप्पीत सगळ्यात वर असतात ते सगळ्यात शेवटी छापलेले कागद. आणि काल संध्याकाळी गाडी दारात उभी होती म्हणून प्रीतीनं घाईघाईत वरचेच शंभर कापून नेले होते.

प्रीती तिची नणंद. भीमपूर मंडलात, पैनगंगेच्या काठच्या गावात नर्स. हे काम छापखान्याला मिळालं ते तिच्याच शब्दावर. लहान मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं, माझ्या भावांसारखं काम जिल्ह्यात कोणी करत नाही. आज बुधवार, म्हणजे लसीकरणाचा दिवस. नऊला सुई सुरू होते. दोन-तीन तासांत लेकरांना ताप चढायला लागतो.

प्रतिभानं फोन लावला. फोनमधली बाई तेलुगूत सांगत होती की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे. तिनं पाच वेळा लावला आणि पाचही वेळा तीच बाई बोलली.

"सुरज भाऊजी!" ती मशीनच्या खोलीकडे पळाली. "आवो, मशीन बंद करा!"

*

मशीन बंद झालं की या घरातली माणसं आपोआप गोळा होतात. वरच्या मजल्यावरून प्रतिभाच्या सासूबाई ताराबाई उतरल्या, समोरच्या दफ्तरातून तिचा नवरा धम्मपाल आला. दाराजवळच्या लाकडी खुर्चीत सासरे नागनाथ पेपर घेऊन बसले होतेच. पंचाहत्तरीतही सकाळी सातला छापखान्याचं कुलूप तेच उघडायचे.

प्रतिभानं दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली. कुणालाही जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

"किती गेले?" धम्मपालनं विचारलं.

"शंभर. ताईनं नेले ते सगळे असेच असतील."

धम्मपाल मटकन शाईच्या डब्यावर बसला. तो थोरला, धंदा बघणारा, चारचौघांत बोलणारा. पण घाबरला की त्याचा आवाज चढतो आणि समोर जो असेल त्याच्यावर तो तुटून पडतो. समोर सुरज होता.

"तुले म्हटलं होतं! शंभर डाव म्हटलं! थोडं अल्कोहोल टाकू दे पाण्यात, मशीन नीट चालंल. पण नाही! तुह्या एकट्याच्या भेवापायी सारा छापखाना बिनाअल्कोहोलचा!"

प्लेटच्या कोऱ्या भागाला शाई चिकटू नये म्हणून मशीनमध्ये तिच्यावर सतत पाणी फिरतं, आणि त्यात अल्कोहोल असलं की ते सारखं पसरतं. सुरजनं डावा हात पाठीमागे नेला. तीन वर्षांपूर्वी मागच्या खोलीत अल्कोहोलचा कॅन पेटला, तेव्हापासून त्या हाताची दोन बोटं वळत नव्हती आणि गळ्यावरची कातडी बाहीच्या चुण्यांसारखी गोळा झालेली होती. तो दवाखान्यात असताना सगळ्यांनीच ठरवलं होतं की हा पदार्थ पुन्हा घरात यायचा नाही. सगळ्यांनी ठरवलेलं एकट्या सुरजचं कधी झालं, ते त्यालाही कळलं नव्हतं.

"दादा," तो हळू बोलला, "काल तीनशे कागदांनंतर पांढऱ्या जागेवर मळकट झाक यायला लागली. मी म्हटलं मशीन थांबवतो, रोलर धुतो. तू काय केलं?"

धम्मपालची नजर मशीनच्या पाण्याच्या बटनाकडे गेली.

"तू पाण्याचं बटन वाढवलं. गाडी उभी हाये म्हणला. झाक गेली, पण पाणी शाईत घुसलं. पातळ शाई बारीक टिंबाले कशी धरंल?"

"म्हणजे माह्यी चूक?"

"अर्धी तुह्यी. मी ऐकलं, ती अर्धी माह्यी."

"आरं भांडता काय बाप्पा!" ताराबाईंनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोरल्याची बाजू घ्यायची हा त्यांचा स्वभावच. "गाडी काढा. नवे कार्ड न्या, जुने परत घ्या. काऊन ते सांगायची गरज नाही कोणाले. म्हणा, कागद बदलला."

"काऊन ते सांगतलं नाही तं बाया देतील का, आत्याबाई?" प्रतिभा म्हणाली. "एखादी ठेवून घेईल. एखादीनं बी ठेवलं तं?"

"आन् सांगतलं तं? उद्या या छापखान्यात कोण पाय ठेवंल? प्रीतीची नोकरी राहील का?"

"आधी लेकरं तं राहू द्या!"

अकरा वर्षांत प्रतिभा सासूसमोर इतकं मोठ्यानं कधी बोलली नव्हती. धम्मपालनं बायकोकडे रागानं पाहिलं आणि मग नजर खाली घातली, कारण त्याच्या मनातही तेच होतं आणि तेच बोलायची त्याला भीती वाटत होती.

सुरज यातलं काही ऐकत नव्हता. त्याच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. झाक आलीच काऊन? अल्कोहोल होतं तेव्हा मशीन सगळं पोटात घालायचं. पाणी जड असो, रोलर जुना असो, चालून जायचं. अल्कोहोल बंद झाल्यावर छपाईची रसायनं विकणाऱ्या नागपूरच्या माणसानं बजावलं होतं की आता पाणी मोजून मापून हवं, विकतच्या जारचंच हवं, बोअरचा एक थेंब नको. तेव्हापासून जार येत होते. मग?

त्यानं टाकीचं झाकण काढून पाण्यातले क्षार मोजायचं पेनसारखं मीटर आत धरलं. आकडा हजार-बाराशेच्या आसपास हवा होता. मीटर एकवीसशेवर जाऊन थांबलं. त्यानं रोलरवरून नख ओढलं. नखात पांढरं पीठ आलं. चुना.

"दादा, जारचं पाणी कोण भरते टाकीत?"

"तूच ना?"

"मी नाही. मले वाटते तू भरतो. सकाळी येतो तं टाकी भरलेलीच राह्यते."

सुरजला उत्तर बोलता बोलताच कळलं. त्यानं मान वर केली नाही. प्रतिभानं केली, आणि ती पाहत होती त्या दिशेनं मग सगळ्यांनीच पाहिलं.

*

नागनाथांनी पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. माय मडकं घेऊन खाली उभी राहायची, वरून कुणाला दया आली तर पाणी मिळायचं. कधी तासभर. बाबासाहेबांच्या फोटोखाली धम्म स्वीकारून झाला, गाव सुटलं, आदिलाबादेत छापखान्यात झाडू मारता मारता ते अक्षरांचे खिळे जुळवायला शिकले, आणि बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या जागेत मशीन आणलं तेव्हा आधी बोअर मारला. एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. त्यातली पहिली कळशी त्यांनी मशीनच्या टाकीत ओतली होती. घरी पूजाबिजा होत नसे. तीच त्यांची पूजा. तेव्हापासून एकही सकाळ चुकली नव्हती.

"मी टाकतो," ते म्हणाले. "रोज. सात वाजता."

"तांब्याभर टाकता ना, बाबा?" सुरज म्हणाला. "तांब्याभर टाकता हे मले ठाऊक होतं. तेवढ्यानं काही होत नाही म्हणून मी बोललो नाही."

"पयले तांब्याभरच. मंग ते जार यायला लागले." त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "इकतचं पाणी. आपलं सोताचं असून. मले नाही पटलं. मंग कळशी टाकली. आलीकडे दोन."

धम्मपालला वडिलांवर ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं. त्यांच्या विहिरीची गोष्ट त्याला पाठ होती. शाळेत निबंधात लिहून बक्षीस मिळवलं होतं त्यानं. बोअरचं पाणी बंद करा असं म्हाताऱ्याला तोंडावर सांगायची हिंमत घरात एकालाही झाली नव्हती, आणि त्या भिडेची किंमत आता कुठल्यातरी गावात कुणाचं तरी लेकरू मोजत असेल.

"गाडी काढ धम्मपाल," नागनाथ उठले. "मी येतो."

"तुमी कायले?"

"मी येतो म्हटलं ना!"

प्रतिभा कापायच्या मशीनकडे वळलीच होती. थप्पीच्या तळातले चांगले शंभर कागद तिनं एकेक भिंगाखाली धरले. मग कापून दिले. "मी संस्थेच्या मॅडमले अन् सरकारी दवाखान्यात सांगते," ती नवऱ्याला म्हणाली. तिनं परवानगी मागितली नव्हती आणि त्यानंही नाही म्हटलं नाही.

*

रस्त्यावर कापसाच्या गाड्या. एकेका गाडीमागे धम्मपाल हॉर्न वाजवत राहिला आणि मनातल्या मनात हिशेब करत राहिला: नऊला सुई, अकराला अंग गरम, बाराला माय कार्ड काढते. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याची स्वतःची पोरगी अडीच महिन्यांची असताना लस टोचल्यावर अशीच तापली होती, तेव्हा प्रतिभानं अर्धं टोपण कसं दिव्याशी धरून मोजलं होतं ते त्याला आठवलं आणि त्यानं गाडी आणखी दामटली.

"बाबा, तिथं गेल्यावर तुमी काही बोलू नका," तो म्हणाला. "मी सांभाळतो."

नागनाथ बाहेर बघत होते. प्रीती जिथं नर्स होती ते त्यांचंच, त्या विहिरीचं गाव होतं. मयतीशिवाय ते इकडे फिरकत नसत.

अंगणवाडीत सतरंजीवर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. प्रीतीनं दारात वडील आणि भाऊ एकदम पाहिले आणि तिच्या हातातला कापूस खाली पडला. "माय बरी हाये ना?"

धम्मपालनं तिला कोपऱ्यात नेऊन कार्ड दाखवलं. प्रीतीनं आपल्या टेबलावरचं कार्ड उचललं. सकाळपासून ती तेलुगू बाजू वर ठेवून बसली होती. दवाखान्याचं सगळं तेलुगूतच असतं, तिची नजरही तिकडेच जायची. मराठी बाजू तिनं आता पहिल्यांदा वाचली.

"दादा, हे काय केलं तुमी?" तिचे ओठ पांढरे पडले. "एकोणीस झाले. शंभरातले आज मी एकोणीस जनींले देले. तोंडानं अर्धं टोपण सांगतलं, पण त्या रडत्या लेकरात कोण ऐकते? म्हटलं, नाही समजलं तं घरी वाचून घ्या."

"हळू बोल." धम्मपाल पुढे झाला आणि हसऱ्या आवाजात म्हणाला, "माय-बहिणींनो, नवे कार्ड आणले, चांगल्या कागदाचे. जुने देऊन टाका, नवे घ्या."

दोघी-तिघींनी दिले. बाकीच्या बसून राहिल्या. एक म्हणाली, "नवं बी द्या दादा अन् हे बी राहू द्या. जाड कागद हाये, पोरीच्या पुस्तकाले होते." दुसरीनं कार्ड कमरेला खोचलं आणि लेकराला पाजायला घेतलं. धम्मपाल तसाच हसत उभा राहिला. त्या हसण्याकडे पाहून नागनाथांना एकदम त्याची कीव आली आणि स्वतःची शरम वाटली.

ते पुढे आले.

"बायांनो, ऐका. त्या कार्डावर चुकीचं छापलं गेलं. अर्धं टोपण पायजे तिथं पाच टोपणं लिहलं. तेवढं पाजलं तं लेकरू मरू शकते. आमी छापलं ते. माह्या हातची चूक हाये."

सतरंजीवर एकदम गलका उसळला. एक बाई रडायला लागली, एकीनं शिवी दिली, आणि कमरेतली, पिशवीतली, लेकराच्या दुपट्यातली कार्डं पटापट टेबलावर पडली. प्रीतीनं मोजली. चौदा. पाच जणी घरी गेल्या होत्या.

पाच दारं. पहिल्या घरी लेकरू झोपलेलं, औषधाची बाटली सीलबंद. दुसऱ्या घरी शिकलेली माय. पंचवीस वाचून तिला शंका आली म्हणून तिनं पाजलंच नव्हतं आणि ती प्रीतीकडेच निघाली होती. तिसरं, चौथंही सुटलं. प्रत्येक दारात धम्मपाल चौकटीला हात टेकून उभा राहायचा आणि प्रीतीच्या तोंडाकडे पाहायचा. पाचवं घर गावाच्या टोकाला, शेताच्या वाटेवर. घरात कर्ती माणसं नव्हती. लेकाच्या पाठोपाठ सूनही कापूस वेचायला गेलेली. ओट्यावर बयनाबाई नावाची म्हातारी मांडीवर तीन महिन्यांची नात घेऊन बसली होती. शेजारी दुसरीतली नात, शीतल, मांडीवर कार्ड धरून. बाटली उघडी होती.

"आजी, पाजलं का?" प्रीतीनं लांबूनच विचारलं.

"पाजलं ना माय. अंग लई तापलं होतं. शीतलनं वाचलं, पंचवीस." म्हातारीनं कौतुकानं मोठ्या नातीकडे पाहिलं. "मी टोपणं मोजली, तिनं पाढा म्हटला. पण तीन पेली अन् मंग तोंड घट्ट मिटलं पोरीनं. तेवढ्यानं ताप उतरंल का?" तिनं बाजूची वाटी पुढे केली. "दोन टोपणं राह्यली. आता पाजून टाकू का? मले भेव वाटून राह्यलं, कमी पडलं तं."

प्रीतीनं वाटी तिच्या हातातून ओढून घेतली. औषध ओट्यावर सांडलं. तिनं लेकराचे डोळे पाहिले, नाडी पाहिली. लेकरू शांत होतं, अंग गार व्हायला लागलं होतं, आणि म्हातारीला वाटलं की गुण आला.

"बरी दिसते ना?" धम्मपालनं कुजबुजत विचारलं.

"या औषधाचं काही दिसत नाही दादा. दोन दिवस काहीच दिसत नाही, मंग एकदम लिव्हर बिघडते. गाडी काढ. याच्यावर दवाई हाये, पण टाइमात पोचलं पायजे."

शीतलला शेजारणीकडे सोडलं. मागच्या सीटवर म्हातारी, मांडीवर लेकरू, पलीकडे नागनाथ. फाट्यावर नेटवर्क आलं तसं प्रीती पुढे बसून डॉक्टरशी बोलायला लागली: वजन साडेपाच, पंधरा मिली, हो सर, तासभर झाला, हो, निघालो. पलीकडून काय आलं ते कुणाला ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि मागे न वळता म्हणाली, "तयारी करून ठेवतो म्हणले. रक्त तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही म्हणले."

धम्मपालला समोरचा रस्ता नीट दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

बयनाबाईला काहीतरी वाईट झालंय एवढं आता कळलं होतं. काय ते कळलं नव्हतं. ती नागनाथांकडे वळली. "म्या चुकली का भाऊ? माह्यी सून मले मारून टाकंल. पण म्या कागदावर होतं तसंच केलं. मनचं काही केलं नाही."

"तुमी नाही चुकल्या माय."

"हे पाहा." तिनं मूठ उघडली. कार्ड घडी घालून घालून ओलं झालं होतं. धम्मपालनं आरशातून ते पाहिलं.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "ते घ्या त्यांच्यापासून."

नागनाथांनी हात पुढे केला. म्हातारीनं मूठ पुन्हा मिटली आणि छातीशी धरली. "नाही भाऊ. डाक्टरले दाखवा लागंल. नाही तं म्हणतील, म्हातारीनं आपल्या अकलेनं पाजलं."

नागनाथांनी हात मागे घेतला. लेकरानं झोपेत ओठ हलवले.

"दाखवा माय," ते म्हणाले. "अन् खाली बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव हाये, ते बी दाखवा. नागनाथ म्हणून. तो मी हाये. आकडा आमीच चुकीचा छापला. मी तुमच्या बाजूले उभा राहीन."

बयनाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं लेकरू उचलून दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी ओढलं आणि सीटवर जेवढं सरकता येईल तेवढी ती त्यांच्यापासून दूर सरकली.